फुकट खेळाची किंमत

फुकट या शब्दाला आपल्या भाषेंत कधींच फारशी प्रतिष्ठा मिळालेली नाहीं. ‘फुकट तें पौष्टिक’ असें म्हणतांना म्हणणाराच गालांत हंसतो. वाण्यानें मुलाच्या हातावर ठेवलेल्या गुळाच्या खड्याचे पैसे यादींत कोठें तरी लागलेले असतात, ही आपल्या गृहिणींची फार जुनी खात्री आहे. परंतु त्याच घरांतील मुलें, त्यांचे वडील, आणि संकोच न करतां सांगावयाचें तर त्यांच्या आजीबाईसुद्धां मोबाइलवर जे खेळ खेळतात, त्यांतले बहुतेक सगळे फुकट मिळालेले असतात. त्या खेळांची किंमत कोण देतो, केव्हां देतो, आणि ती घेण्याच्या रीतीविषयीं खुद्द खेळणाऱ्यांना काय वाटतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या रीतीला ‘फ्रीमियम’ असें नांव आहे. फ्री म्हणजे फुकट आणि प्रीमियम म्हणजे अधिक मोलाचें. या दोहोंची सांधाजोड करून हा शब्द २००६ सालीं तयार झाला. फ्रेड विल्सन नांवाच्या न्यूयॉर्कमधील एका भांडवलदारानें या धंद्याच्या पद्धतीला सुटसुटीत नांव सुचवा असें आपल्या वाचकांना विचारलें, आणि आलेल्या सूचनांतून हा शब्द पुढें आला. शब्द कानाला गोड नाहीं, पण कल्पना साधी आहे. माल सर्वांना फुकट द्यावा, आणि ज्या थोड्यांना त्याहून अधिक हवें असेल त्यांच्याकडून पैसे घ्यावे. कचेरींतील हिशेबाचें किंवा पत्रव्यवहाराचें ॲप अशा रीतीनें विकलें तर कोणाची फारशी तक्रार नसते. अधिक जागा हवी, अधिक सोय हवी, तर पैसे द्या. नको असेल तर आहे त्यांत भागवा.

खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळांत अडथळा हाच माल असतो. आट्यापाट्यांतल्या पाट्या काढून टाकल्या तर खेळ उरत नाहीं, नुसतें धांवणें उरतें. हा अडथळा किती कठीण असावा हें खेळ रचणारानें ठरवावयाचें. आणि तें ठरवितांना खेळणाराला गंमत कितपत येईल एवढेंच त्यानें पाहावें, अशी आपली न बोललेली अपेक्षा असते. फ्रीमियममध्यें अडथळा रचणारा आणि तो दूर करण्याचे पैसे घेणारा एकच होतो. मग समोर भिंत आली कीं खेळणाराच्या मनांत पहिला विचार ‘ही कशी ओलांडावी’ असा न येतां ‘ही कशासाठीं घातली असेल’ असा येतो. जत्रेंतला पाळणेवाला आधीं पैसे घेतो आणि मग बसवितो. त्यानें फुकट बसवून, पाळणा वर गेल्यावर मध्येंच थांबवून, ‘अर्धा तास असेच बसा, नाहीं तर दहा रुपये टाका’ असें म्हटलें, तर दहा रुपयांचें दुःख फार होणार नाहीं. पण त्या माणसाविषयीं आपलें जें मत होईल, तेंच हल्लीं पुष्कळ खेळणाऱ्यांचें खेळांविषयीं झालेलें आहे.

आरंभीं असें नव्हतें. ॲपलनें आपलें ॲपचें दुकान जुलै २००८ मध्यें उघडलें, तेव्हां चांगला खेळ डॉलर दोन डॉलर मोजून विकत घ्यावा लागे आणि घेतला कीं तो आपला होई. ऑक्टोबर २००९ मध्यें फुकट ॲपच्या आंतही वस्तु विकण्यास ॲपलनें परवानगी दिली. या एका परवानगीनें सगळा बाजार फिरला. शेजारच्या फळीवर फुकट माल मांडलेला असतां विकतचा माल कोण उचलणार? बहुतेक खेळांची दर्शनी किंमत हळूहळू शून्यावर आली, आणि खरी किंमत खेळाच्या पोटांत गेली.

ती पोटांत कशी बसविली आहे तें दोन उदाहरणांनीं सांगतों. किंग या कंपनीचा ‘कँडी क्रश सागा’ २०१२ सालीं निघाला. रंगीत गोळ्या तीन तीन जुळवावयाच्या, इतकाच खेळ. खेळणाराला पांच जीव मिळतात. डाव हरला कीं एक जातो, आणि गेलेला जीव अर्ध्या तासानें परत येतो. पांचही गेले तर स्वस्थ बसावें, मित्रांकडे मागावा किंवा पैसे देऊन घ्यावा. दुसरें उदाहरण हेलसिंकी येथील सुपरसेल कंपनीच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चें; तोही त्याच सालचा. त्यांत गांव वसवावयाचें, तटबंदी बांधावयाची, सैन्य उभारावयाचें आणि दुसऱ्याच्या गांवावर चाल करावयाची. पहिल्या दिवशीं भिंत क्षणांत उभी राहते. पुढें एकेका इमारतीला तास लागतात, मग दिवस लागतात. हिरवीं रत्नें खर्च केलीं कीं काम तात्काळ पुरें होतें, आणि रत्नें खऱ्या पैशानें मिळतात. दोन्हीं खेळांत विकली जाणारी वस्तु एकच आहे. तिचें नांव थांबणें.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका कँडी क्रशच्या पुष्कळ पायऱ्या चढलेल्या आहेत. त्यांनीं आजपर्यंत एक पैसाही दिलेला नाहीं. “अहो, अर्धा तास थांबायला माझं काय जातं? तेवढ्यांत भाजी निवडून होते,” असें त्या म्हणतात, आणि कंपनीशीं आपली एक निराळीच चढाओढ चालली आहे अशा थाटांत तो फोन मिटतात. अशांची संख्या लहान नाहीं. शेवटच्या पायरीला पोहोंचलेल्यांपैकीं शेंकडा ७० लोकांनीं कांहींच दिलेलें नव्हतें, असें २०१३ सालीं खुद्द किंगच्या वतीनें सांगण्यांत आलें होतें. या वर्गाला फ्रीमियमविषयीं राग नाहीं. त्यांचा सारा आनंदच न देण्यांत आहे. एखाद्या चतुर गिऱ्हाइकानें घासाघीस करून साडी आणावी आणि ती नेसण्यापेक्षां तिची किंमत सांगण्यांतच अधिक सुख मानावें, तसा.

तरुण मंडळी मात्र इतकी थंड नाहींत. तीं एकट्यानें गोळ्या जुळवीत नाहींत, दुसऱ्याशीं लढतात. म्हणून त्यांच्या न्यायाची कसोटी वेगळी आहे. ‘बीजीएमआय’ हा बंदुकांचा खेळ २०२१ पासून आपल्याकडे आहे. मध्यंतरीं २०२२-२३ मध्यें कांहीं महिने तो बंद होता. त्यांत पोषाख, टोप्या, बंदुकीवरचे रंग विकत मिळतात. एवढ्या पैशांत खरा सदरा येईल, मग हा चित्रांतला कशाला, असें मीं भाच्याला विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “मामा, ह्या कपड्यांनी गोळी चुकत नाही ना, मग कोणी घेईना!” या उत्तरांत एक पूर्ण नीतिशास्त्र आहे. पैसे देणारा अधिक नटला तर चालेल, अधिक बलवान् होतां कामा नये. ज्या खेळांत पैशानें बळ विकत मिळतें त्यांना ही मंडळी ‘पे टु विन’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्या तोंडीं शिवीसारखा येतो. जून २०२२ मध्यें ‘डायाब्लो इम्मॉर्टल’ निघाला तेव्हां आपला वीर पूर्ण बळास नेण्यास एक लाख डॉलरांच्याही वर खर्च येईल असे हिशेब खेळणाऱ्यांनींच मांडून दाखविले. मोबाइलचें वेड म्हणून आपण ज्या मुलांना हिणवितों, तींच एवढें त्रैराशिक स्वखुशीनें मांडतात, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी!

आतां राहिले प्रत्यक्ष पैसे देणारे. यांचें मत सर्वांत कमी ऐकूं येतें, कारण हे लोक घरींही बोलत नाहींत. जानेवारी २०१४ मधील व्यवहार तपासून स्वर्व्ह नांवाच्या कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, फुकट खेळांतील विक्रीचें निम्में उत्पन्न केवळ ०.१५ टक्के खेळणाऱ्यांकडून आल्याचें दिसलें. म्हणजे दहा हजारांत पंधरा माणसें! धंद्यांतले लोक अशा गिऱ्हाइकाला ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, म्हणतात. हा शब्द त्यांनीं जुगाराच्या अड्ड्यांवरून उचललेला आहे. यांतले कांहीं खरोखरच सधन आणि संतुष्ट असतात. सहा महिने करमणूक झाली, तिचे शेंपन्नास रुपये गेले तर बिघडलें कोठें, असें त्यांचें म्हणणें. डोंबाऱ्याचा खेळ पाहून थाळींत नाणें टाकावें तसें ते टाकतात. आणि डोंबारीही खेळ आधीं दाखवितो व थाळी मागून फिरवितो, हें खरें आहे. पण मुलगी दोरावर मध्यभागीं आली असतां तो ढोल थांबवीत नाहीं. दुसरे कांहीं मात्र असे असतात कीं, ज्यांना आतां खेळांत गोडी उरलेली नाहीं, परंतु आजवर घातलेल्या पैशामुळें सोडवत नाहीं. कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाची जी अवस्था, तीच ही. फुकट खेळणाऱ्या नऊ हजार नऊशें लोकांची करमणूक या थोड्यांच्या खिशांतून चालते, याचा विचार आमच्या शिक्षिकाबाईंनीं केलेला नाहीं. मींही त्यांच्यापाशीं तो काढला नाहीं.

खेळणाऱ्यांचा संताप जेथें सर्वांत उघडपणें प्रकट झाला, तें प्रकरण २०१४ सालचें आहे. ‘डंजन कीपर’ हा १९९७ चा एक आवडता जुना खेळ. भुयारें खणावयाचीं आणि राक्षस पाळावयाचे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनें तो मोबाइलवर फुकट म्हणून आणला, तेव्हां त्यांतला एखादा कठीण दगड फोडावयास चोवीस चोवीस तास लागूं लागले. रत्नें दिलीं कीं तात्काळ. मूळ खेळाचा कर्ता पीटर मॉलिन्यू यानेंसुद्धां जाहीरपणें नापसंती दर्शविली. गंमत पुढेंच आहे. अँड्रॉइड फोनवर खेळाविषयीं मत विचारतांना त्यांत दोन बटणें ठेवलीं होतीं. पांच तारे देणारा थेट दुकानाच्या पानावर जाई; एकापासून चार देणाराला मात्र कंपनीकडेच खासगी पत्र लिहावयास सांगण्यांत येई. म्हणजे स्तुति चव्हाट्यावर आणि तक्रार माजघरांत! जुलै २०१४ मध्यें ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेनें या खेळाला जाहिरातींत ‘फुकट’ म्हणणें दिशाभूल करणारें आहे असा निर्णय दिला. त्याच सालच्या नोव्हेंबरांत ॲपलनेंही आपल्या दुकानांतील ‘फ्री’ हा शब्द बटणावरून काढून तेथें ‘गेट’, म्हणजे ‘घ्या’, असा शब्द घातला. एका शब्दाची माघार, पण ती खेळणाऱ्यांच्या व पालकांच्या तक्रारींनीं घडली होती. मुलांनीं आईबापांच्या संमतीवांचून केलेल्या खरेदीबद्दल त्याच वर्षाच्या आरंभीं अमेरिकेंतील फेडरल ट्रेड कमिशनशीं तडजोड करून ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचें कबूल करावें लागलें होतें.

येथवर ऐकून कोणासही वाटेल कीं, मग सरळ किंमत सांगून खेळ विकला तर खेळणारे त्याचें स्वागत करतील. अनुभव तसा नाहीं. लंडनच्या अस्टू या मंडळीनें २०१४ मध्यें ‘मॉन्युमेंट व्हॅली’ नांवाचा अतिशय सुंदर खेळ चार डॉलरांस विकला. जीव नाहींत, रत्नें नाहींत, थांबणें नाहीं. लोकांनीं तो डोक्यावर घेतला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवीन आठ प्रकरणें काढून त्यांनीं त्यांचे दोन डॉलर मागितले, तेव्हां ‘पैसे मागतां म्हणजे काय’ असें म्हणून कित्येकांनीं एकच तारा दिला. डिसेंबर २०१६ मध्यें निन्टेंडोनें ‘सुपर मारिओ रन’ आणला. पहिल्या कांहीं पायऱ्या फुकट, पुढें एकदांच दहा डॉलर द्या आणि सगळा खेळ घ्या. इतका सरळ सौदा दुसरा कोणता? पण ‘फुकट म्हणून घेतला आणि वाटेंत पैसे मागितले’ अशा तक्रारींचा त्यावर वर्षाव झाला, आणि मिळकत कंपनीच्या अपेक्षेस उतरली नाहीं. दोनच महिन्यांनीं त्याच कंपनीनें चिठ्ठ्या काढून वीर मिळविण्याचा ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ हा खेळ काढला. त्यानें कमी लोकांकडून मारिओहून अधिक पैसा मिळविला.

यावरून खेळणारे लबाड आहेत, तोंडानें एक बोलतात आणि हातानें दुसरें करतात, असा निष्कर्ष धंदेवाले काढतात. मला तो अर्धाच खरा वाटतो. ज्यांनीं कित्येक वर्षें शून्य ही किंमत लोकांच्या अंगवळणीं पाडली, त्यांनीं दहा डॉलर महाग वाटल्याबद्दल लोकांस दोष द्यावा, हें कांहीं शोभत नाहीं. माणूस वस्तूची किंमत शेजारच्या वस्तूशीं ताडून पाहतो, तिच्या गुणाशीं नव्हे. आणि मतांची तपासणी करतांना आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं: तारे देणारा आणि पैसे देणारा बहुधा एकच माणूस नसतो.

चिठ्ठीचा उल्लेख आला म्हणून त्याविषयीं दोन शब्द. जपानांत नाणें टाकून मूठ फिरविली कीं एक बंद गोळा बाहेर पडतो व त्यांतून कोणतें तरी खेळणें निघतें. त्या यंत्राच्या आवाजावरून ‘गाचा’ हें नांव पडलें. मोबाइलच्या खेळांनीं तीच युक्ति उचलली. पैसे द्यावयाचे, पण काय मिळेल तें नशिबावर. चिठ्ठ्यांतून निघणाऱ्या ठराविक वस्तूंचा पूर्ण संच जमला कीं मोठें बक्षीस, असा जो ‘कम्प्लीट गाचा’ नांवाचा प्रकार होता, तो बेकायदेशीर असल्याचें जपानच्या ग्राहक-खात्यानें २०१२ सालीं जाहीर केलें. संच जमविणें किती कठीण हें ज्यांनीं लहानपणीं काडेपेटीचीं चित्रें जमविलीं त्यांस सांगावयास नको. बेल्जियमच्या द्यूत-नियामक मंडळानें एप्रिल २०१८ मध्यें पैसे घेऊन उघडावयाच्या अशा पेट्यांना जुगार ठरविलें. वर सांगितलेला डायाब्लो त्या देशांत निघालाच नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या प्रकाशकांनीं फेडरल ट्रेड कमिशनशीं तडजोड करून २ कोटी डॉलर दंड व सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवांचून या पेट्या न विकण्याची अट मान्य केली. या प्रश्नावर खेळणाऱ्यांत बरीचशी एकवाक्यता आहे. थांबण्याचे पैसे घेतले तर निदान काय मिळालें तें कळतें. येथें तेंही नाहीं.

आपल्याकडे हा सगळा प्रकार थोड्या निराळ्या वेषांत आला. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओच्या आगमनानें मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें आणि हा खेळ घराघरांत शिरला. परंतु खेळासाठीं पैसे देण्याची आपली संवय त्या वेगानें वाढली नाहीं. म्हणून आपल्या खेळणाराकडून पैशाऐवजीं त्याची नजर घेतली जाते. त्याच सालीं नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनें काढलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदींत तर देशभर कुटुंबें एकमेकांशीं जोडणारा पट होऊन बसला. त्यांतही विकावयाच्या वस्तु आहेत, पण बहुतेकांना ठाऊक आहेत त्या डावांमधल्या जाहिराती. ‘जाहिरात पाहा आणि नाणीं मिळवा’ हा सौदा आपल्याकडील मुलांना न्याय्य वाटतो. वेळ आपला, वडिलांना विचारावें लागत नाहीं! मात्र न मागतां मध्येंच उपटणाऱ्या जाहिरातीला तींच मुलें मनापासून शिव्या देतात. महिन्याला ठराविक वर्गणी भरून जाहिराती व विक्री दोन्ही नसलेले खेळ मिळण्याची सोयही निघाली. ॲपलची २०१९ मध्यें आणि गूगलची २०२२ मध्यें आपल्याकडे आली, तेव्हां दोहोंचा दर महिना ९९ रुपये होता. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांसंबंधीं जो कायदा केला, त्यांत पैसे पणाला लावून खेळावयाच्या खेळांना बंदी झाली. करमणुकीच्या खेळांना वर्गणी किंवा एकदांच घ्यावयाची प्रवेश-फी घेण्यास मोकळीक आहे, मात्र ती पैज असतां कामा नये. चिठ्ठीची पेटी यांपैकीं कोणत्या बाजूस बसते, हा प्रश्न वकिलांना बरींच वर्षें पुरेल.

इतक्या निरनिराळ्या तोंडांतून निघालेलीं हीं मतें मीं जेव्हां एकापुढें एक ठेवतों, तेव्हां त्यांत रकमेविषयींची तक्रार फार थोडी सांपडते. शिक्षिकाबाई, भाचा, डंजन कीपरवर तुटून पडलेले लोक आणि खिसा रिकामा करून गप्प बसलेला तो देवमासा, या सर्वांना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो आपल्या मंडईंत रोज विचारला जातो: एकूण किती? पेपरमिंटच्या गोळीलाही या प्रश्नाचें उत्तर आहे. अशा खेळाला बहुधा नसतें, कारण त्याला शेवटच नसतो. कँडी क्रशच्या पायऱ्यांत अजून दर आठवड्यास भर पडते. शिवाय भाव रुपयांत न सांगतां रत्नांत आणि नाण्यांत सांगितला जातो, आणि रत्नांची पुडी अशी बांधलेली असते कीं हवी ती वस्तु घेऊन चार रत्नें उरावींत किंवा चार कमी पडावींत. तुमच्या घरीं मूल पैसे मागूं लागलें तर ‘किती हवेत’ असें विचारण्यापेक्षां ‘त्या वस्तूचे रुपये किती होतात तें मला मांडून दाखव’ असें विचारून पाहा. तें मांडतांना मुलगाच पुष्कळदां थांबतो. नाहीं थांबला, तर निदान तो जाणून घेत आहे.

आणि कंपन्या ऐकतच नाहींत असेंही नाहीं. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्यें सैन्य उभारण्यास खेळांतलें द्रव्य आणि वेळ दोन्ही लागत. खेळणारे वर्षानुवर्षें कुरकुरत होते. सुपरसेलनें २०२२ मध्यें त्यांतला द्रव्याचा खर्च काढून टाकला आणि मार्च २०२५ मध्यें वेळेचाही. आतां हल्ला संपला कीं दुसरें सैन्य तयार असतें. इमारतींना मात्र अजून दिवस लागतात, आणि हिरवीं रत्नें अजून विकलीं जातात.